लोकल मेल: एक युजर एक फाइल, की मेलडिर?

स्पूलशत्रू:
सर्व्हरवर मेल पोचवणाऱ्या पोस्टफिक्सबद्दल काल इथे एकाने फर्मावलं, "पोस्टफिक्स टाका आणि हात लावू नका. मेल व्हार-मेल फोल्डरमध्ये पडते, एक युजर एक फाइल, वर्षानुवर्षं चालतंय." चालतंय ते कुठवर, तेवढं सांगतो. मेलबॉक्स साइझ लिमिट, म्हणजे त्या फाइलीची कमाल मर्यादा, मुळात ५,१२,००,००० बाइट. बॅकअपची स्क्रिप्ट रोज लॉग पाठवते, कुणी उघडत नाही, फाइल फुगते, आणि एक दिवस 'फाइल टू लार्ज'. त्यानंतरची मेल क्यूत थांबत नाही, सरळ बाउन्स होते, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत जाते. शिवाय मधली एक मेल उडवली की तिच्यापुढची सगळी फाइल सरकवून पुन्हा लिहावी लागते, तोवर लॉक. मेलडिर म्हणजे दर मेलला वेगळी फाइल ठेवणारी डिरेक्टरी; तिच्यात मेल आधी टीएमपी फोल्डरात लिहिली जाते, पूर्ण झाली की न्यू फोल्डरात जाते. लॉकचा प्रश्नच नाही. पोस्टफिक्सच्या मेन-सीएफ या कॉन्फिग फाइलीत होम मेलबॉक्सपुढे 'मेलडिर/' लिहा, रीलोड करा, संपलं. शेवटचा स्लॅश विसरू नका.

एकच_फाइल:
तो मीच. अर्धवट माहितीवर एवढा आवेश? डेबियनचं पोस्टफिक्स पॅकेज ती मर्यादा मेन-सीएफमध्ये सहसा शून्यच लिहितं, म्हणजे अमर्याद. पोस्टकॉन्फ (सेटिंग दाखवणारी कमांड) मारून बघितलं असतंत तर कळलं असतं.

आता तुमच्या मेलडिरचं. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टीम साधारण दर १६ केबीमागे एक आयनोड (फाइलीची नोंद) देते, आणि क्रॉनची, म्हणजे वेळापत्रकाने चालणाऱ्या स्क्रिप्टची, मेल २ केबीची. दर मेलला एक फाइल, एक आयनोड. डिस्क भरायच्या आधी आयनोड संपणार. मग डीएफ -एच ही कमांड म्हणते जागा आहे, आणि लॉग म्हणतो जागा नाही. आयनोड दाखवणारं डीएफ -आय बघायचं डोक्यात येईपर्यंत रात्र गेलेली असते. माझ्या एका फाइलीत ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) मारला की काम झालं.

कानामात्रा:
ग्रेप! मराठी मेलवर मारून बघा एकदा. मजकूर बहुतेक वेळा बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदललेला असतो, विषयाची ओळसुद्धा. 'पावती' शोधाल तर शून्य.

एकच_फाइल:
मग शब्द बेस६४ करून शोधा. डोकं वापरा.

कानामात्रा:
वापरलंय म्हणूनच सांगतोय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट, आणि बेस६४ दर ३ बाइटची ४ अक्षरं करतं. म्हणून सुरुवातीला छान जुळतं, दर चौथ्या अक्षरापासून तेच 'चार के एस' नाहीतर 'चार के डब्ल्यू'. पण मध्ये एक स्पेस आली की गाडी एका बाइटने सरकते. तोच शब्द तीन वेगवेगळ्या रूपांत सापडू शकतो, वर ७६ अक्षरांवर ओळ तुटते ती निराळीच. कोटेड-प्रिंटेबल हे दुसरं एन्कोडिंग असेल तर एका चिन्हाला ९ बाइट, आणि तीही ओळ मध्येच तोडतं. शोधायचं तर डोव्हकॉट या मेल वाचायला देणाऱ्या सर्व्हरचा डोव्हअ‍ॅडम सर्च वापरा, तो मजकूर उलगडून बघतो. फाइल एक असो की हजार, त्याला फरक पडत नाही.

एकच_फाइल:
क्रॉनची मेल मराठीत येते का हो तुमच्याकडे?

कानामात्रा:
फाइलींची नावं मराठीत असतात ना! बरं, स्क्रिप्टने सरळ युटीएफ-८ ओतलं आणि मेल सर्व्हरच्या आतच राहिली, तर एन्कोडिंग होत नाही आणि तुमचा ग्रेप चालतो. एवढं दिलं तुम्हाला. आता याचं उत्तर द्या: एका फाइलीत ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' आणि स्पेस आली की पुढे > चिकटतं. मजकूर बदलला, जीपीजीची (मेलवरची डिजिटल) सही तुटू शकते. बेस६४ मध्ये स्पेसच नसते, म्हणून मराठी मेल यातून वाचते. गंमत आहे.

निळी_वायर:
कुठे भरकटलात? ग्रेप आणि बेस६४ सोडा. डोव्हकॉटचं एलएमटीपी (मेल आत घेणारा प्रोटोकॉल) चालू करा, पोस्टफिक्समध्ये लोकल ट्रान्सपोर्ट त्याच्या सॉकेटवर वळवा. वाद खलास.

स्पूलशत्रू:
अहो, थांबा! कुणी हे कॉपी करू नका. लोकल ट्रान्सपोर्ट बदललं की पोस्टफिक्सचा लोकल प्रोग्रामच बाजूला पडतो, आणि एलिअस फाइल (कुठल्या नावाची मेल कुणाला द्यायची) आणि डॉट-फॉरवर्ड (युजरने मेल पुढे पाठवायला ठेवलेली फाइल) वाचणारा तोच. पोस्टमास्टरला आलेली मेल दारात स्वीकारली जाते, कारण लोकल रेसिपियंट मॅप्समध्ये, म्हणजे मान्य पत्त्यांच्या यादीत, एलिअस अजून आहेत. मग आत डोव्हकॉट म्हणतो असा युजरच नाही. स्वीकारून झाल्यावर बाउन्स, तोही बहुधा स्पॅमवाल्याने घातलेल्या खोट्या पत्त्यावर. बदलायचं ते मेलबॉक्स ट्रान्सपोर्ट. नाव जवळजवळ तेच, पण एलिअस आणि फॉरवर्ड आधी पार पडतात, मगच मेल डोव्हकॉटकडे जाते.

निळी_वायर:
ठीक आहे, शब्द चुकला. ओरडायची गरज नव्हती.

स्पूलशत्रू:
होती. अजून दोन खड्डे आहेत. एलएमटीपीला पूर्ण पत्ता मिळतो, पासवर्ड फाइलीत नुसतं नाव असतं. ऑथ युजरनेम फॉरमॅटमध्ये @ पासून पुढचं छाटा, नाहीतर प्रत्येक मेलला ५५०, म्हणजे नकार. (डोव्हकॉट २.४ मध्ये हे लिहायची पद्धत बदललीय, जुन्या पोस्टमधून उचलू नका.) दुसरं, डोव्हकॉट यूआयडी ० ला, म्हणजे रूटला, मेल देत नाही. रूटचा एलिअस साध्या युजरवर लावा आणि न्यूएलिअसेस चालवा.

एकच_फाइल:
म्हणजे रूटला महिन्याला येणाऱ्या चार मेलसाठी एक डीमन, एक सॉकेट आणि दोन कॉन्फिग. धन्य आहे. आयमॅपवरून (दुसऱ्या यंत्रावरून) वाचणारे युजर असतील तर घ्या तुमचं मेलडिर, तेवढं कबूल. नुसत्या क्रॉनच्या सर्व्हरवर मी काहीही बदलणार नाही.

स्पूलशत्रू:
क्रॉनच्या सर्व्हरवर नका बदलू. पण "हात लावू नका" असं सगळ्यांना सांगत फिरू नका.

नवा_भिडू:
वरचं वाचून होम मेलबॉक्स टाकलं. होममध्ये 'मेलडिर' आलंय, पण आत जाता येत नाही, सीडी म्हणतो ही डिरेक्टरी नाही.

एकच_फाइल:
स्लॅश विसरलात. अभिनंदन, तुमच्याकडे आता एक युजर एक फाइल आहे, फक्त नाव मेलडिर. आधी त्या फाइलीचं नाव बदला, मग स्लॅश टाकून रीलोड करा. ती फाइल तिथेच राहिली तर त्या नावाची डिरेक्टरी बनणार नाही आणि मेलही पोचणार नाही. आत पडलेली मेल फेकू नका, मट या मेल वाचायच्या प्रोग्रामने, 'मट -एफ' आणि फाइलीचं नाव दिलं की उघडते.