वॉटर्लूला तीसच मिनिटे?
(सोसायटीच्या गटावरील संदेश)

अ-३०४, सर (सकाळी ८.०५): सचिवसाहेब, काल रात्री आपण पाठविलेला युरोप सहलीचा कार्यक्रम वाचला. सातव्या दिवशी ब्रुसेल्सच्या चॉकलेटच्या दुकानांना दीड तास आणि वॉटर्लूला ‘सिंहटेकडीचे दर्शन, छायाचित्रांसाठी ३० मिनिटे’ असे त्यात लिहिले आहे. १८१५ मध्ये नेपोलियन हरला, त्या लढाईच्या दिवशी ही टेकडी तेथे नव्हतीच. ती १८२० ते १८२६ या काळात त्याच रणभूमीची माती उपसून रचलेली आहे. जो वाडा प्रत्यक्ष लढाईत होता आणि आजही उभा आहे, तो ऊगुमाँचा वाडा तेथून जेमतेम दीड किलोमीटरवर असताना त्याच्याकडे पाठ करून आपण फोटो काढणार, हे मनाला पटत नाही. फ्लॉरेन्सची पुनरावृत्ती होऊ नये, एवढीच विनंती.

सचिव (८.२१): सर, आपल्याविषयी आदर आहेच; परंतु फ्लॉरेन्सचा विषय वार्षिक सभेत मिटला, अशी माझी समजूत होती.

अ-३०४, सर (८.२४): कोल्हापूरची माणसे फ्लॉरेन्सपर्यंत गेली आणि १८७० साली तेथेच निधन पावलेल्या आपल्या छत्रपती राजाराम महाराजांच्या स्मारकाला नमस्कार न करता चामड्याच्या पिशव्या घेऊन परतली, हे सभेच्या इतिवृत्तात मिटले असेल, माझ्या मनातून मिटलेले नाही.

क-१०२, काकू (८.३०): सर्वांच्या माहितीसाठी नम्रपणे लिहिते, की टेकडीला २२६ पायऱ्या असून लिफ्ट नाही.

ब-२०३, डॉक्टर (८.३३): काकू, जोतिबाच्या पायऱ्या उतरताना-चढताना आपले गुडघे कधी तक्रार करीत नाहीत, असे निरीक्षण आहे.

क-१०२, काकू (८.३५): तेथे देव आहे, डॉक्टर. येथे वर बिडाचा सिंह बसवला आहे. त्याला मी काय नवस बोलू?

खजिनदार (९.०२): कार्यक्रमात बदल केल्यास बसच्या जादा तासांचे पैसे सर्वांना विभागून द्यावे लागतील. दुसरा हप्ता अद्याप न भरलेल्यांमध्ये बदलाचा आग्रह धरणारे सदस्यही आहेत, हे नावे न घेता नमूद करतो.

ब-४०१, अभियंता (९.१०): माझ्या माहितीप्रमाणे टेकडी, तिच्या पायथ्याचे भूमिगत संग्रहालय, लढाईचे गोलाकार चित्र आणि ऊगुमाँचा वाडा यांचे एकच तिकीट मिळते. टेकडीपासून वाड्यापर्यंत छोट्या गाडीची सोय असते आणि चालत गेल्यास शेतांमधून वीस-पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे प्रश्न पैशांचा कमी आणि वेळेचा अधिक आहे.

ब-१०४, काका (९.४०): मुळात इंग्रजांच्या विजयाचे एवढे कौतुक आपण कशासाठी करायचे? आमच्या पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंतच्या वाटेवर काय कमी इतिहास आहे?

अ-३०४, सर (९.५२): काहीच कमी नाही, फक्त आपण गेल्या जुलैत मसाई पठारावरूनच गाडीने परत फिरलात, त्यामुळे पुढचा इतिहास राहून गेला असावा. कौतुकाविषयी म्हणाल, तर वॉटर्लूचा इंग्रज सेनापती वेलिंग्टन म्हणजे आपल्या ओळखीचाच वेलस्ली. याच माणसाने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी गाठ घातली. कैलना नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, त्या अर्थी मध्ये नदी ओलांडण्याजोगा उतार असलाच पाहिजे, एवढ्या तर्कावर त्याने सैन्य पाण्यात घातले. त्या दिवशी त्याच्या मांडीखालचा घोडा मेला. पुढे आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असे विचारल्यावर त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले, असे सांगतात. ज्याने आपल्याला हरवले, तो स्वतः कोठे हरता हरता वाचला, ते दार मला पाहायचे आहे.

ब-२०३, डॉक्टर (९.५५): सर, ‘दार’ म्हणजे नक्की काय?

अ-३०४, सर (१०.२०): विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. १८ जून १८१५ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास लढाईला तोंड फुटले ते ऊगुमाँच्या वाड्यावर. भिंतींनी वेढलेला चौक, त्यात मोठे घर, कोठारे, छोटे प्रार्थनामंदिर आणि शेजारी उंच विटांच्या कुंपणाची बाग, असा तो आपल्याकडच्या मळ्यातल्या वाड्यासारखाच होता. नेपोलियनचा धाकटा भाऊ जेरोम याच्या तुकड्या त्यावर दिवसभर आदळत राहिल्या. दुपारी लग्रो नावाचा एक धिप्पाड अधिकारी हातात कुऱ्हाड घेऊन पुढे आला, उत्तरेचा दरवाजा फुटला आणि तीस-चाळीस फ्रेंच आत घुसले. तेव्हा वेलिंग्टनच्या बाजूच्या मॅकडोनेल नावाच्या अधिकाऱ्याने आणि मूठभर शिपायांनी दाराच्या फळ्यांना खांदा लावून, बाहेरून येणारा लोंढा रेटत, ते पुन्हा बंद केले आणि अडसर घातला. आत सापडलेल्यांपैकी ढोल वाजविणारा एक पोरगा तेवढा जिवंत राहिला, असे सांगतात. बागेच्या भिंतीत बंदुकांसाठी पाडलेली भोके आजही दिसतात. त्यांतून बाहेर पाहिले की समोरचा माणूस किती जवळ येत असेल, हे पुस्तक न उघडताच कळते. नंतर तोफगोळ्यांनी मोठे घर पेटले आणि आग प्रार्थनामंदिरात शिरली. तेथल्या लाकडी येशूची पावले जळली आणि आग तेथेच थांबली. ती मूर्ती २०११ मध्ये चोरीस गेली होती, २०१४ मध्ये सापडली. २०१५ मध्ये, लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा, पडझड झालेला वाडा दुरुस्त करून लोकांसाठी खुला केला. मोठे घर मात्र पुन्हा बांधलेले नाही.

क-१०२, काकू (१०.२६): सर्वांच्या माहितीसाठी पुन्हा लिहिते, की टेकडीला २२६ पायऱ्या असून लिफ्ट नाही.

ब-१०४, काका (१०.३१): मसाई पठाराचा उल्लेख अनावश्यक होता. माझ्या बुटाचा तळ सुटला होता, हे आपणही पाहिले होते. बाकी, अडचणीच्या जागी मूठभर माणसांनी उभे राहायचे, ही गोष्ट मला पटली. ती आम्ही बाजीप्रभूंकडून आधीच शिकलो आहोत.

ब-४०१, अभियंता (१०.४०): तेथेच ‘ला ए सँत’ नावाचा आणखी एक वाडा आहे ना?

अ-३०४, सर (१०.४८): आहे, परंतु तो खाजगी मालकीचा असल्याने रस्त्यावरूनच पाहावा लागतो. तेथील, वेलिंग्टनच्याच बाजूचे जर्मन शिपाईही दिवसभर तितक्याच जिद्दीने लढले. मात्र काडतुसे संपली, वारंवार मागूनही वेळेवर आली नाहीत आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तो वाडा पडला.

खजिनदार (१०.५०): म्हणूनच हप्ता वेळेवर भरावा.

ब-२०३, डॉक्टर (१०.५२): खजिनदारसाहेब, नाद खुळा! मी मात्र वेलिंग्टनच्या फळीमागच्या माँ-सँ-जाँ या तिसऱ्या वाड्याची शिफारस करीन. तेथे आता बिअर तयार होते, असे वाचले.

अ-३०४, सर (११.०५): तो वाडा त्या दिवशी जखमींचा दवाखाना होता. २०१९ च्या उत्खननात तेथे कापून टाकलेल्या पायांची हाडे निघाली. आपण शस्त्रक्रिया करणारे आहात, म्हणून मुद्दाम कळवितो.

सचिव (दुपारी १२.१५): सव्वा तास कोणी काही लिहिले नाही, त्या अर्थी सर्वांची संमती आहे, असे धरून सहल कंपनीशी फोनवर बोललो. चॉकलेटचा वेळ ४५ मिनिटांवर आणल्यास वॉटर्लूला सव्वा तास मिळेल आणि जादा पैसे पडणार नाहीत. ज्यांना टेकडी चढायची आहे त्यांनी ती चढावी, इतरांनी सरांबरोबर वाड्यावर जावे.

अ-२०२, वहिनी (१२.१८): आम्ही गप्प होतो ते स्वयंपाकात होतो म्हणून, संमती म्हणून नव्हे. घरी परतल्यावर नातेवाइकांना चॉकलेटऐवजी भिंतीतली भोके वाटायची काय? तरीही बहुमत असेल तर माझी हरकत नाही.

क-१०२, काकू (१२.२०): सर, वाड्यात पायऱ्या किती आहेत?

अ-३०४, सर (१२.२२): दरवाजा सपाट जमिनीवर आहे, काकू. चौकात आणि बागेतही आपण आरामात फिराल.

क-१०२, काकू (१२.२३): मग माझे नाव वाड्यात लिहा. टेकडीवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की २२६ पायऱ्या आहेत.

खजिनदार (१२.३०): सर, ज्यांचा दुसरा हप्ता बाकी आहे त्या यादीत आपलेही नाव आहे. सकाळी नावे घ्यायचे टाळले होते.

अ-३०४, सर (१२.४१): संध्याकाळी आणून देतो.