ब्राउन्सचा इतिहास क्लीव्हलंडचा, की बाल्टिमोरला गेलेल्या संघाचा?

आकडेमोड (धागाकर्ता)

‘चार वेळा एनएफएल विजेते क्लीव्हलंड ब्राउन्स’ असं परत कुठेतरी वाचलं आणि राहवलं नाही.

ज्यांना अमेरिकन फुटबॉलशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एनएफएल ही या खेळाची मुख्य लीग आणि ब्राउन्स हा तिच्यातला ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा संघ. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी ब्राउन्सचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ मेरीलँडमधल्या बाल्टिमोरला हलवत असल्याचं जाहीर केलं. क्लीव्हलंड शहर कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९६मध्ये तडजोड झाली. खेळाडू आणि कचेरी मॉडेलनी न्यायची; नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि १९४६पासूनचे सगळे विक्रम क्लीव्हलंडला ठेवायचे. बाल्टिमोरच्या संघाचं नाव रेव्हन्स झालं, कागदोपत्री जन्म १९९६चा. क्लीव्हलंडला तीन मोसम संघच नव्हता, १९९९ला नवा उभा केला.

माझ्या मते ही शुद्ध कागदी करामत आहे. मॅट स्टोव्हर हा किकर (लाथेने चेंडू मारून गुण मिळवणारा) १९९१पासून ब्राउन्सकडे होता, १९९६ला सगळ्यांबरोबर बाल्टिमोरला गेला आणि २००८पर्यंत तिथेच खेळला. मालक तोच. पण आकडेवारीत त्याच्या कारकिर्दीचे दोन तुकडे पडतात, जणू गड्याने मध्येच संघ बदलला!

त्याहून गंमत पुढे आहे. रेव्हन्स ‘नवा संघ’ ना? मग १९९६च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायची पाळी, जास्त हरलेल्या संघाला आधी) त्यांना चौथा क्रमांक कसा मिळाला? ब्राउन्स आदल्या मोसमात १६ पैकी ११ सामने हरले होते म्हणून. त्यांनी २६व्या क्रमांकावर रे लुईसला, पुढे गाजलेल्या बचावपटूला, घेतलं, तो क्रमांक ब्राउन्सनीच १९९५ला सॅन फ्रान्सिस्कोबरोबर अदलाबदल करून मिळवला होता. म्हणजे मालमत्ता घेताना जुना संघ, आणि इतिहास विचारला की नवा. हा कुठला न्याय?

ओहायोकर

न्याय तुम्हाला चुकीच्या खिशात सापडतोय.

ब्राउन्स म्हणजे पगारपत्रक नव्हे. मॉडेलनी १९६१ला संघ विकत घेतला तोवर आमचा क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार) ऑटो ग्रॅहम दहा मोसमांत दहा अंतिम सामने खेळून, त्यांतले सात जिंकून (पहिले चार एनएफएलमध्ये येण्याआधीच्या एएएफसी या लीगमध्ये) निवृत्तही झाला होता. १९४६ला, जॅकी रॉबिन्सन मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडत उतरण्याच्या एक वर्ष आधी, मॅरियन मोटली आणि बिल विलिस हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू या संघात होते. हे मॉडेलच्या ट्रकमध्ये बाल्टिमोरला जायचं? काय म्हणून?

घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, क्लीव्हलंडच्या लोकांनी स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवायच्या बाजूने भरघोस मतदान केलं. संघ जाणार हे ठाऊक असताना!

आणि १७ डिसेंबरचा शेवटचा घरचा सामना बघा. सिनसिनाटीविरुद्ध २६-१० जिंकला. लोकांनी घरून करवती आणून बाकं कापली आणि मैदानात फेकली. शेवटी शेवटी ‘डॉग पाउंड’ या कट्टर चाहत्यांच्या स्टँडकडच्या टोकाला खेळणं धोक्याचं झालं म्हणून दोन्ही संघांना बाजू बदलायला लावली. सामना संपल्यावर अर्नेस्ट बायनर कुंपणाशी जाऊन लोकांना हात देत फिरला. हा तोच बायनर, ज्याच्या हातून जानेवारी १९८८मध्ये डेनव्हरविरुद्ध गोलरेषेपाशी चेंडू सुटला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, हुकला. ते दुःख क्लीव्हलंडने भोगलंय. बाल्टिमोरने त्याचं काय करावं?

आकडेमोड

दुःख मान्य, पण दुःखावर मालकी हक्क लागत नाही. १९९९चा संघ काय होता? अल लर्नरने ५३ कोटी डॉलर मोजून घेतलेला कोरा परवाना. इतर संघांनी सोडलेले खेळाडू आणि ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, टिम काउच. पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गकडून ०-४३. याला १९६४च्या विजेत्यांचा वारस म्हणायचं?

बरं, हा लर्नर कोण? मॉडेलचा भागीदार. बाल्टिमोरचा करार याच गृहस्थाच्या खाजगी विमानात बसून सह्या करून झाला. त्याच्याच हाती क्लीव्हलंडचा ‘पवित्र वारसा’ सोपवला. लीगला कोर्टकचेरी नको होती, लोकांचा राग नको होता. म्हणून इतिहासाचं गाजर दाखवलं.

मेरीलँडची सून

बाल्टिमोरच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते.

इथल्या जुन्या माणसांना ब्राउन्सचा इतिहास कधीच नको होता. त्यांचा स्वतःचा होता आणि तो चोरीला गेलाय. २९ मार्च १९८४च्या पहाटे मालक रॉबर्ट इर्से यांनी बाल्टिमोरच्या जुन्या संघाचं, कोल्ट्सचं, सामान मेफ्लॉवर या सामान हलवणाऱ्या कंपनीच्या ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला नेलं. राज्याचं विधिमंडळ संघ ताब्यात घेण्याचा कायदा करत होतं, त्याच्या आत निसटायचं होतं. १९५८ आणि १९५९ची विजेतेपदं, आमचा लाडका क्वार्टरबॅक जॉनी युनायटस, निळ्या नालाचं बोधचिन्ह, सगळं इंडियानाचं झालं. युनायटसने इंडियानापोलिसशी आपलं नातं कधी मानलं नाही, पण नोंदवहीत तो आजही त्यांचाच!

कोल्ट्सचा बँड मात्र राहिला. त्या रात्री गणवेश धुलाईला दिलेले होते म्हणून वाचले. संघ नसताना ही माणसं रेव्हन्स येईपर्यंत वाजवत राहिली.

तेव्हा आकडेमोड, क्लीव्हलंडला मिळालं ते गाजर असेल, पण आम्हाला तेही मिळालं नाही. तडजोड बरोबरच होती. ती फक्त एका शहरापुरती का, हा माझा राग आहे.

पुणेरी पंच

आयपीएलमध्ये डेक्कन चार्जर्सचं २००९चं विजेतेपद सनरायझर्सच्या खात्यात कुणी धरत नाही, शहर हैदराबादच असूनही. म्हणजे शहर एक म्हणून इतिहास एक, हे काही जगन्मान्य नाही. ओहायोकरांनी याचं उत्तर द्यावं.

ओहायोकर

सोपं आहे. तिथे नाव, रंग, मालक सगळंच बदललं आणि जुना इतिहास मागायला शहर काही कोर्टात गेलं नाही. इथे शहर भांडलं. मागितलं म्हणून मिळालं.

जुनी वही

दोघेही एक विसरताय. ब्राउन्सच्या आधी क्लीव्हलंडमध्ये रॅम्स होते. १९४५चं एनएफएल विजेतेपद त्यांनी जिंकलं आणि लगेच लॉस एंजेलिसला निघून गेले. ते विजेतेपद आज रॅम्सच्याच नावावर आहे आणि त्याबद्दल क्लीव्हलंडमध्ये कुणी करवत उचलत नाही. मग शहराचा हक्क नेमका कधीपासून सुरू होतो?

पण आकडेमोड, तुमच्या ‘माणसं गेली तिथे इतिहास’ या तर्काचंही बघा. पॉल ब्राउन हा पहिला प्रशिक्षक, संघाला नाव त्याचं. मॉडेलनी त्याला जानेवारी १९६३मध्ये काढलं. त्याने १९६८ला सिनसिनाटी बेंगॉल्स उभा केला. तुमच्या हिशोबाने पहिली सगळी विजेतेपदं सिनसिनाटीला द्यायची का?

माझ्या मते खरी अडचण एकच माणूस आहे: ओझी न्यूसम. १९७८ ते १९९० ब्राउन्सचा टाइट एंड (चढाईतली एक जागा), त्याच जोरावर हॉल ऑफ फेममध्ये. मॉडेलबरोबर बाल्टिमोरला गेला, रे लुईसला निवडणारा तोच. जानेवारी २००१च्या सुपर बोलमध्ये रेव्हन्सनी जायंट्सना ३४-७ हरवलं, तो संघ न्यूसमने बांधला. क्लीव्हलंडमध्ये त्याचा अभिमान बाळगावा की राग धरावा, हे मला तिथल्या कुणी धड सांगितलेलं नाही.

आकडेमोड

पॉल ब्राउनचा मुद्दा बिनतोड नाही. तो एकटा गेला, १९९६ला अख्खा संघ गेला. फरक आहे.

आणि शहराचा एवढा पुळका असेल तर ब्रूक पार्कचं काय? आताचे मालक हॅस्लम कुटुंब छपराचं नवं स्टेडियम तिथे बांधतंय, विमानतळाशेजारच्या उपनगरात. राज्याने त्याला ६० कोटी डॉलर देऊ केले. क्लीव्हलंडच्या हद्दीबाहेर पाऊल पडलं की इतिहास कुणाचा?

ओहायोकर

काउंटी तीच, लोक तेच, हंगामी तिकिटं त्याच घरांत. १९९५ला संघ दुसऱ्या राज्यात गेला होता. तरी आताच्या स्टेडियमची सरोवराकाठची जागा सोडणं मला मुळीच पटलेलं नाही. मॉडेल गेल्यावर ओहायोने मालकांना आवर घालणारा कायदा केला, लोक त्याला मॉडेलच्याच नावाने ओळखतात. त्याच्या जोरावर शहर पुन्हा कोर्टात उभं राहिलं, आणि शेवटी पैसे घेऊन तडजोड केली. १९९६ला नाव आणि विक्रम मागितले होते, या वेळी रक्कम मागितली. हे मला जास्त लागलं.

मेरीलँडची सून

तरी तुमच्याकडे मागायला कायदा होता. आमच्याकडचा होईपर्यंत ट्रक राज्याबाहेर गेले होते.