न्यू जर्सी: चार्टर शाळेच्या प्रमुखांबद्दल पालकांची दोन टोकांची मतं, प्रवेश घ्यावा का? मदत हवी आहे

चांदणवेल:
हडसन काउंटीतल्या एका चार्टर शाळेत (सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र कारभाराची शाळा) लॉटरीतून दुसरीची जागा मिळाली आहे. होकार कळवायला एक आठवडा आहे. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या पालकांची मतं अगदी दोन टोकांची आहेत. काही म्हणतात, प्रमुख रोज सकाळी दारात उभे असतात, मुलांना नावानिशी ओळखतात, अभ्यास चांगला घेतात. काही म्हणतात, ईमेलला आठवडेच्या आठवडे उत्तर येत नाही, वर्षाच्या मध्यात शिक्षक बदलले तरी ते मुलांकडून कळतं, आणि बुलिंगची तक्रार केली तर "लक्ष घालतो" यापुढे गाडी सरकत नाही.

१) यात तथ्य किती, हे बाहेरून कसं पडताळायचं?
२) अशा शाळेला जाब विचारणारं वर कोण असतं?
३) पटलं नाही तर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या भागातल्या नेहमीच्या सरकारी शाळेत परत जाता येतं का?

जास्वंद:
तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे: हो, वर्षात केव्हाही. तुमच्या राहत्या डिस्ट्रिक्टला मूल घ्यावंच लागतं. मात्र चार्टरची जागा सोडली की गेली. परत हवी असेल तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा रांग.

आता मतांबद्दल. दोन्ही बाजूंचे पालक खरं बोलत असू शकतात. डिस्ट्रिक्टमध्ये भरती, बस, विशेष शिक्षण, तक्रारी यांना मध्यवर्ती ऑफिसात वेगवेगळी माणसं असतात. एकाच इमारतीच्या चार्टर शाळेत हे सगळं प्रमुख (इथल्या सरकारी भाषेत 'लीड पर्सन'), बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटर आणि ऑफिसातली एक-दोन माणसं उरकतात. त्यामुळे वर्गात उत्तम आणि पत्रव्यवहारात ढिसाळ अशी शाळा सर्रास आढळते. म्हणून प्रत्येक मत ऐकताना तीन गोष्टी विचारा: तक्रार कशाची होती, कोणाकडे केली, कोणत्या वर्षी? प्रमुख बदलले असतील तर जुन्या तक्रारींचं वजन कमी होतं. ट्रस्टी (शाळा चालवणाऱ्या बोर्डाचे सदस्य) तेच असतील तर तेवढं कमी होत नाही.

पडताळणीचा सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे बोर्ड ऑफ ट्रस्टीजच्या सभांचं इतिवृत्त. मागच्या वर्षभराची वाचा. नेमणुका आणि राजीनामे बोर्डाच्या मंजुरीला येतात, तेव्हा ऑक्टोबर ते मार्चमध्ये किती शिक्षक गेले ते तिथेच मोजता येतं. मग 'पब्लिक कॉमेंट'चा भाग बघा. पालकाने नोव्हेंबरमध्ये विचारलेल्या प्रश्नाचा डिसेंबरच्या सभेत मागमूसही नसेल, तर प्रतिसादाबद्दलची तक्रार खरी धरा. इतिवृत्तच वेबसाइटवर नसेल किंवा सहा महिने मागे असेल, तर माझ्या मते ती सर्वांत वाईट खूण. जोडीला राज्याचा 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट' उघडा आणि शिक्षक टिकण्याचं प्रमाण शेजारच्या शाळांशी ताडून बघा. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, तीन वर्षं बघा. छोट्या शाळेत दोन शिक्षक गेले तरी टक्केवारी कोसळते.

दगडफूल:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांचा सल्ला इथे लावू नका. तिथे चार्टरला मान्यता बहुधा स्थानिक डिस्ट्रिक्ट किंवा काउंटी देते. न्यू जर्सीत १९९५ च्या कायद्यानुसार ती राज्याचे शिक्षण आयुक्तच देतात. तुमच्या शहराचं स्कूल बोर्ड या शाळेला काही सांगू शकत नाही. तिथे जाऊन बोलणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

उतरंड अशी: शिक्षक, मग लीड पर्सन, मग ट्रस्टीज, मग आयुक्त. मधली पायरी गाळून थेट ट्रेंटनला, म्हणजे राजधानीत आयुक्तांना, लिहू नका. कायद्याप्रमाणे तक्रार आधी बोर्डाकडे जायला हवी, आणि तिथे नीट दखल घेतली नाही असं वाटलं तर आयुक्तांकडे नेता येते. आयुक्तांना मग चौकशी करून उत्तर द्यावंच लागतं. अट एकच, तक्रार चार्टर कायद्याच्या भंगाची हवी. "प्रमुख तुसडे वागतात" एवढ्यावर काही होत नाही. "मंजूर चार्टरमध्ये अमुक कार्यक्रम लिहिला आहे आणि तो चालूच नाही" हा मुद्दा झाला. म्हणून शाळेचा मूळ चार्टर, म्हणजे राज्याने दिलेला मान्यतेचा दस्तऐवज, मागवून वाचा.

आणखी एक, बऱ्याच पालकांना माहीत नसलेली तरतूद: प्रत्येक चार्टर शाळेत पालक आणि शिक्षकांनी निवडलेली सल्लागार तक्रार समिती असावी लागते. तिच्या शिफारशी बोर्डावर बंधनकारक नसतात, पण तक्रार लेखी नोंदीत येते. समितीवर कोण आहे, हे ऑफिसला विचारा. उत्तर देताना गोंधळ उडाला तर समजून जा.

बुलिंगचं मात्र वेगळं आहे. तिथे 'लक्ष घालतो' हे उत्तर चालतच नाही. तोंडी तक्रारीनंतर एका शालेय दिवसात चौकशी सुरू, लेखी तक्रारीपासून १० शालेय दिवसांत पूर्ण, मग निष्कर्ष बोर्डाच्या पुढच्या सभेत, आणि त्यानंतर ५ शालेय दिवसांत पालकांना लेखी माहिती. पटलं नाही तर ६० दिवसांत बोर्डापुढे सुनावणी मागता येते. गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: पालक वर्गशिक्षिकेशी दारात बोलतात, लेखी काही देत नाहीत, आणि १० दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध करता येत नाही. अँटी-बुलिंग स्पेशालिस्टचं नाव आणि फोन शाळेच्या वेबसाइटवर असणं बंधनकारक आहे. आत्ताच बघून घ्या.

चांदणवेल:
खूप आभार, दगडफूल. इतिवृत्तं सापडली, पण जानेवारीनंतरची नाहीत. मागायची कशी? आणि ईमेलला उत्तर यावं यासाठी काही करता येतं का?

काजवा:
ओप्राखाली मागा, म्हणजे सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याखाली. चार्टर शाळेला तो लागू आहे. अर्ज 'कस्टोडियन ऑफ रेकॉर्ड्स'च्या नावे करायचा, हे काम बहुधा बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटरकडे असतं. साधारण ७ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न विचारू नका, कागद मागा. "शिक्षक का गेले?" हा अर्ज फेटाळला जाईल. "फेब्रुवारी ते मे या सभांची मंजूर इतिवृत्तं, ईमेलने" हा नाही.

ईमेलमध्ये एकच विषय, एकच माणूस 'टू'मध्ये, पहिल्या दोन ओळींत काय हवं आणि कोणत्या तारखेपर्यंत. पाच तक्रारी आणि दहा जण 'सीसी'त असलेली मेल कोणाचीच नसते. उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर पुढे पाठवा, नवी लिहू नका, म्हणजे बोर्डाकडे जाताना तारखांची माळ तयार असते. सभेत प्रमुखांच्या कामाबद्दल बोललात तर ट्रस्टी गप्प बसतील. कर्मचाऱ्याच्या मूल्यमापनाची चर्चा ते बंद दाराआड करतात. तो उद्धटपणा समजू नका, म्हणणं लेखीही द्या.

होकार कळवण्याआधी ऑफिसला एक साधी मेल टाका: मुलाची वर्गशिक्षिका शाळेत किती वर्षं आहे, प्रमुखांचा करार कधी संपतो, आणि शाळेच्या चार्टरचं नूतनीकरण कोणत्या वर्षी आहे? पहिला चार्टर ४ वर्षांचा आणि पुढचे ५-५ वर्षांचे असतात. नूतनीकरण तोंडावर असेल तर निकाल लागेपर्यंत डिस्ट्रिक्टच्या शाळेची कागदपत्रंही तयार ठेवा. मंगळवारी सकाळी पाठवा आणि शुक्रवारपर्यंत काय येतं ते बघा.