'डिफॉल्ट'ला मराठीत काय म्हणायचं? निमित्त: एडिटर

कोपरखैरणेकर:
रविवारी आमच्याकडे लिनक्सची शिकवणी असते, अकरावी-बारावीची मुलं. त्यांच्यासाठी टिपणं मराठीत करतोय आणि 'डिफॉल्ट एडिटर'पाशी (आपण वेगळं काही सांगितलं नाही तर मशीन आपणहून उघडतं तो मजकूर लिहायचा प्रोग्राम) अडलोय. मागच्या खेपेला कुठल्याशा जुन्या भाषांतरातलं 'मूलभूत संपादक' उचललं. एका मुलीने विचारलं, "सर, मूलभूत म्हणजे सगळ्यात सोपा का?" समोर नॅनो हा साधासोपा एडिटर उघडलेला, त्यामुळे तिला चूक तरी कसं म्हणू? आता 'पूर्वनिर्धारित' करावं म्हणतो. चालेल?

तीन हात नाका:
सरळ डिफॉल्ट लिहा हो. रिंगटोनपासून सगळीकडे पोरं तेच म्हणतात.

पाचपाखाडी:
'मूलभूत' बाद, प्रश्नच नाही. पण 'पूर्वनिर्धारित'लाही माझा विरोध आहे. शब्द जड आहे ते सोडा, तो चुकीचा आहे.

डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर काय होतं बघा. तिथे 'एडिटर' नावाचा प्रोग्राम मुळात नसतोच, ती नुसती पाटी, म्हणजे दुसरीकडे नेणारी लिंक. ती 'अल्टरनेटिव्ह्ज' फोल्डरातल्या दुसऱ्या पाटीकडे बोट दाखवते आणि ती दुसरी खऱ्या प्रोग्रामकडे. प्रत्येक एडिटर बसवला जाताना आपला अग्रक्रमाचा आकडा सांगतो. उबुंटूवर नॅनो 40, व्हिम 30, व्हिमचं छोटं रूप 15 आणि बिचारा म्हातारा 'एड' उणे 100. ज्याचा आकडा मोठा, पाटी त्याच्याकडे. म्हणून तर मुलं हौसेने व्हिम टाकतात आणि 'व्हिसुडो' (अ‍ॅडमिनचे अधिकार कुणाला ते ठरवणारी फाइल उघडायची आज्ञा) मारलं की पुन्हा नॅनोच उघडतो. उद्या 50 आकड्याचं काही बसवलंत तर पाटी आपली आपण तिकडे वळेल. यात 'पूर्व' काय ठरलं होतं? हजर कोण कोण आहे ते बघून त्या घडीला ठरतं.

खरी गंमत पुढे आहे. या पाट्या सांभाळणाऱ्या 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' आज्ञेला एडिटरची यादी दाखवायला सांगा. नॅनो दोनदा दिसेल: एकदा शून्य क्रमांकावर, शेजारी 'ऑटो मोड', आणि खाली पुन्हा, शेजारी 'मॅन्युअल मोड'. प्रोग्राम तोच, आकडा तोच 40. मुलं म्हणतात यादीत चूक आहे. चूक नाही. शून्य दाबलंत तर "सध्या नॅनो, कारण तोच वरचढ". खालचा दाबलात तर "नॅनोच, कोणीही येवो". मग 50 वाला आला तरी पाटी हलत नाही. तुम्ही निवडलेला प्रोग्रामच काढून टाकलात, तर मात्र कारभार परत ऑटोवर जातो.

इंग्रजीत या दोन्हींना लोक सैलपणे डिफॉल्ट म्हणतात. मराठीत तरी दोन शब्द ठेवू या: पहिल्याला 'आपसूक', दुसऱ्याला 'नेमलेला'.

ऐरोली सेक्टर पाच:
'आपसूक' आवडला. मी 'अध्याहृत' सुचवणार होतो. नवी मुंबईकरांना समजवायला सोपं आहे: सेक्टर 17 वाशीत आहे, कोपरखैरण्यात आहे, आमच्या ऐरोलीतही आहे. वाशी स्टेशनबाहेर रिक्षात बसून नुसतं "सतरा" म्हटलं की रिक्षावाला वाशीचाच सतरा धरतो. गावाचं नाव वाक्यात नसतं, पण असतं. व्याकरणात त्यालाच अध्याहृत म्हणतात.

पाचपाखाडी:
दादा, उदाहरण झकास, शब्द नको. अकरावीचं पोर 'अध्याहृत' लिहिताना तीनदा चुकेल. शिवाय अध्याहृत म्हणजे न बोललेलं. इथे पाटी स्वच्छ लावलेली आहे, वाचता येते.

राबोडी:
भलतंच वाटेल, पण बँकेत 'डिफॉल्ट' म्हणजे हप्ता थकवणं. दोन्ही अर्थ एकच आहेत का?

पाचपाखाडी:
मूळ एकच. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ उणीव, कमतरता. कोर्टात हजर राहायचं चुकवलं की डिफॉल्ट, हप्ता चुकवला की डिफॉल्ट, आणि कॉम्प्युटरला काय हवं ते सांगायचं राहून गेलं तरी डिफॉल्ट. आपल्याकडे पहिल्या दोन्हींना 'कसूर' चालतो. पण 'कसुरी एडिटर' म्हटलं तर मेथी आठवेल.

कोपरखैरणेकर:
ताई, 'आपसूक' आणि 'नेमलेला' घेतले. आता 'स्लेव्ह लिंक'चं काय? एडिटर बदलला की त्याचं मॅन पेजही (मदतीचं पान) बदलतं, ती सोबतची लिंक. 'गुलाम' लिहायला हात धजत नाही.

पाचपाखाडी:
इंग्रजीतही बऱ्याच जणांना तो शब्द नकोसा झालाय. 'पाठराखीण' म्हणा. नवरी ज्या घरी जाईल त्या घरी तिच्यासोबत जाते, स्वतः घर निवडत नाही.

तीन हात नाका:
पाठराखीण चार दिवसांनी माहेरी परत येते. ही येते का?

पाचपाखाडी:
नाही येत. नवरीने घर बदललं तर त्या घरी जाते. उपमा तेवढीच ताणा.

कोपरखैरणेकर:
टिपणं छापली. आज सहज शिकवणीतली मशीनं तपासली, तर सातांपैकी चारांवर मागच्या मुलांनी यादीत खालचा नॅनो दाबून ठेवलाय. म्हणजे टिपणात मी 'आपसूक' लिहिलंय आणि मशीनवर 'नेमलेला' आहे, आणि उघडून बघितलं तर दोन्ही अगदी सारखे दिसतात. रविवारी लवकर जाऊन चारही ऑटोवर आणतो.