लिनक्सची कमांड लाइन मोडत मोडत शिकावी की आधी वाचून?

टिळकवाडीकर: भाचा विचारत होता, कमांड लाइनसाठी, म्हणजे माउस सोडून हुकूम टाइप करून कॉम्प्युटर चालवायला, क्लास लावू काय? म्हटलं, क्लास कशाला, जुन्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाक आणि मोड. मी तसाच शिकलो. 'आरएम *.टीएक्सटी', म्हणजे नुसत्या .टीएक्सटी फाइली पुस, असं लिहायचं होतं, ताऱ्यानंतर एक स्पेस पडली, आणि नुसता तारा म्हणजे सगळ्याच फाइली. अख्खं फोल्डर साफ, कचरापेटीत काही नाही! वर टर्मिनल म्हणतंय, '.टीएक्सटी' नावाची फाइल सापडत नाही. ती स्पेस जन्मात विसरणार नाही.

खानापूरचा पाव्हणा: काय सांगालासा दादा! ताऱ्याचा अर्थ आरएम लावत नाही, शेल लावतं, म्हणजे आपला हुकूम आधी वाचणारा प्रोग्राम. आरएमच्या हातात नावांची आयती यादी जाते. आरएमच्या जागी आधी 'इको' लिहून बघितलं असतं तर तीच यादी पडद्यावर आली असती. फुकटची माहिती हो, त्यासाठी फोल्डर कशाला घालवायचं?

टिळकवाडीकर: ही युक्ती तू वाचलीस कुठं?

खानापूरचा पाव्हणा: वाचली नाही. सीनियरनं शिव्या घालून सांगितली.

निपाणीच्या बाई: 'मॅन पेज वाच', म्हणजे कमांडचं माहितीपान वाच, म्हणणं सोपं. माझी पोरं मराठी शाळेतली, त्यात कन्नड विषय, वर हे इंग्रजी. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'चं पान उघडलं तर पर्यायांची वर्णानुक्रमे यादी! शब्दकोश वाचून कोण बोलायला शिकलंय? आपण कन्नड बेळगावच्या गणपत गल्लीत 'एष्ट', म्हणजे 'कितीला', विचारत, चुकतमाकतच शिकलो ना?

खानापूरचा पाव्हणा: बाई, 'एष्ट' चुकलं तर भाजीवाली हसते. सुडो लावून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन, चुकलं तर हसायला मशीन उरत नाही. सगळी डिस्क पुसायला गेलात तर आजचं आरएम निदान अडवतं. रूटवर, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळावर, चालायला नकार देतं. फाइलींच्या परवानग्या बदलणारं सीएचमॉड अडवत नाही. आमच्याकडं एकानं परवानगीची कटकट नको म्हणून रूटपासून खाली सगळीकडं ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, लावलं. सुडोला अधिकार देणारी खूण, सेटयूआयडी बिट, गेली, म्हणजे दुरुस्तीला लागणारं सुडोच बंद. बाहेरून शिरावं तर दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायचं एसएसएचही, किल्ल्यांच्या फाइली सगळ्यांना उघड्या म्हणून, घेईना. दोन दिवस गेले. हे 'अनुभवातून शिकणं' पगार कापून करायचं काय?

शहापूरकर: व्हर्च्युअलबॉक्स टाका, म्हणजे मशीनच्या आत खोटं मशीन, स्नॅपशॉट घेऊन त्याची आहे ती स्थिती जपून ठेवा, मग काय जाळायचं ते जाळा.

निपाणीच्या बाई: लॅबमध्ये ४ जीबी रॅम आहे. विंडोजच धापा टाकतंय.

शहापूरकर: मग पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, रीस्टार्ट केलं की पाटी कोरी. फक्त आतली हार्डडिस्क माउंट करू, म्हणजे त्याला जोडू, देऊ नका. तीही कोरी होते, पण परत भरत नाही.