पादशाह बेगम म्हणजे पट्टराणी का? मुघल कादंबऱ्यांतले काही शब्द

वाचनवेडी
सध्या मुघल राजस्त्रियांवरच्या कादंबऱ्यांचा सपाटा लावलाय. नूरजहाँ झाली, जहाँआरा झाली, आता माहम अनगा चालू आहे. लढाया कमी आणि जनान्यातलं राजकारण जास्त, त्यामुळे पुस्तक हातातून सुटत नाही. पण मराठी अनुवादात काही शब्द अडतात. एकीकडे जहांगीराच्या बायकोला, नूरजहाँला 'पट्टराणी' म्हटलंय, दुसरीकडे शहाजहानच्या मुलीला, जहाँआराला 'थोरली राजकन्या'. मूळ शब्द मात्र दोन्हीकडे 'पादशाह बेगम' आहे. मुलगी बापाची पट्टराणी कशी असेल? तसंच फर्मान, हुकूम, निशान हे सगळं एकच का? आणि 'अनगा' हे आडनाव आहे का?

मोडीवाचक
पट्टराणी साफ चूक. पट्टराणी नवऱ्यामुळे ठरते. पादशाह बेगम हा जनान्यातला पहिला मान. तो बादशहा देई, आणि तो बायकोलाच मिळावा असं काही नव्हतं.

नूरजहाँचंच बघा. जहांगीराशी तिचं लग्न १६११ साली झालं. १६१६ मध्ये 'नूरमहल'ची 'नूरजहाँ' झाली, म्हणजे महालाचा उजेड होता तो जगाचा झाला. तरी पादशाह बेगम हा मान जहांगीराच्या दुसऱ्या एका बायकोकडे, सालिहा बानूकडेच होता. १६२० साली ती वारल्यावर तो नूरजहाँकडे आला. सर्वांत लाडकी बायको, आणि मान दुसरीकडे! कादंबरीकाराला यापेक्षा काय हवं? 'पट्टराणी' लिहिलं की ही नऊ वर्षांची ताणाताणी पुसली जाते.

जहाँआराची गोष्ट आणखी बोलकी आहे. १६३१ साली बऱ्हाणपुरात मुमताज बाळंतपणात गेली. शहाजहानच्या इतर बायका हयात होत्या, तरी मान गेला सतरा वर्षांच्या मुलीकडे. पुढे भावांच्या वारसायुद्धात ती उघडपणे औरंगजेबाविरुद्ध, थोरल्या भावाच्या, दाराच्या बाजूची, बाप आग्ऱ्याच्या किल्ल्यात कैद झाला तेव्हा ती त्याच्याजवळ राहिली. आणि १६६६ मध्ये बाप वारल्यावर औरंगजेबानं तिला तोच मान परत दिला. आता याला मराठीत काय म्हणाल? माझं मत, 'पादशाह बेगम' तसंच ठेवा. पहिल्यांदा आलं की अर्धं वाक्य खर्च करून सांगा, पुढे वाचक सांभाळून घेतो.

नाणेवेडा
नूरजहाँच्या नावाच्या नाण्यांवर हा किताब अक्षरशः कोरलेला आहे. १६२४ ते १६२७ च्या सुमारास आग्रा, लाहोर, सुरत अशा टांकसाळींत ती पडली. त्यांवरची ओळ साधारण अशी: 'ब हुक्म-ए-शाह जहाँगीर याफ्त सद जेवर, ब नाम-ए-नूरजहाँ बादशाह बेगम जर.' म्हणजे शहा जहांगीराच्या हुकमानं, नूरजहाँ बादशाह बेगमेचं नाव लागल्यामुळे सोन्याला शंभर दागिन्यांची शोभा आली. शहाचा हुकूम आधी आणि तिचं नाव नंतर, हे लक्षात घ्या. 'तिनं स्वतःच्या नावानं नाणी पाडली' असं कादंबऱ्यांत बिनधास्त लिहितात, ते तितकं सरळ नाही.

वाचनवेडी
वा! आता ते निशान-हुकूम?

मोडीवाचक
फर्मान म्हणजे बादशहाचं आज्ञापत्र. शहजाद्यानं काढलं तर ते निशान. आणि राजघराण्यातल्या स्त्रियांच्या आज्ञापत्राला साधारणपणे हुकूम म्हणत. अकबराची आई हमीदा बानू, जहांगीराची आई मरियम-उझ-झमानी, नूरजहाँ, या सगळ्यांचे हुकूम आहेत. पण जहाँआराची पत्रं निशान म्हणून निघाली आहेत. भावांच्या पंगतीत बसलेली बाई, असं त्यातून दिसतं. अनुवादात तिन्हीला 'आज्ञा' केलं की हा फरक गेलाच.

आणखी एक घोटाळा आपल्या मराठीचा. आपल्याकडे निशाण म्हणजे झेंडा. 'जहाँआरानं राजाला निशाण धाडलं' असं वाचलं की डोळ्यांपुढे घोडेस्वार आणि जरीपटका येतो. म्हणून 'निशानपत्र' लिहावं. 'हुकूम'चं उलट आहे: तो आपल्यात इतका मुरलाय की 'हुकमी एक्का' म्हणताना कुणाला फारसी आठवत नाही. त्यामुळे तो कागद आहे हे वाचकाला कळण्यासाठी 'हुकूमनामा' चालेल.

सातारकर
अनगावर मी लिहितो, हा माझा आवडता विषय. आडनाव अजिबात नाही, नातं आहे. अनगा म्हणजे अंगावर पाजणारी, दूधआई. तिचा नवरा अतगा किंवा अतका, तिचा मुलगा कोका किंवा कोकलताश. तुर्की शब्द आहेत. एवढं माहीत असलं की १५६२ चा तो प्रसंग उलगडतो. अकबराच्या दूधआईच्या, माहम अनगाच्या मुलानं, आधमखानानं, दरबारात शम्सुद्दीन अतगाखानाचा खून केला. हा अतगाखान अकबराच्या दुसऱ्या दूधआईचा, जीजी अनगाचा नवरा. म्हणजे एका दूधआईच्या लेकानं दुसरीचा नवरा मारला. अकबरानं आधमखानाला गच्चीवरून खाली फेकायला लावलं. जीव गेला नाही म्हणून वर आणून पुन्हा फेकलं. त्या धक्क्यानं माहम थोड्याच दिवसांत गेली. सगळा मामला दुधाच्या नात्यांतला, आणि अनुवादात काय? 'दाई'! मराठी वाचकाला दाई म्हणजे सुईण. सुईणीच्या पोराला दरबारात एवढा माज कसा, असं त्याला वाटणारच.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. संभाजीराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा दूधआई, दूधभाऊ हे शब्द वापरायला काय हरकत आहे? दख्खनचा सुभेदार बहादूरखान कोकलताश, ज्याच्या पेडगावच्या छावणीचा किस्सा आपण चवीनं सांगतो, त्याचं 'कोकलताश' हे आडनाव समजणारे इतिहासप्रेमी मी पाहिलेत. तो औरंगजेबाचा दूधभाऊ, एवढंच.

वाचनवेडी
सातारकर काका, हे भारीच. 'दूधभाऊ' म्हटल्यावर एकदम घरचं वाटलं. शेवटची एक शंका: आदरार्थी बहुवचन. माझ्या पुस्तकात निवेदक एका पानावर 'नूरजहाँ आली' म्हणतो, पुढच्या पानावर 'नूरजहाँ बेगम आल्या'. कानाला खटकतं.

मोडीवाचक
निवेदकानं एकेरी ठेवावं, पात्रांनी बहुवचन. 'बेगमसाहिबा येताहेत' असं खोजा किंवा दासी म्हणेल. निवेदक कुणाचा नोकर नसतो. 'बेगम' हा शब्दच मुळात मानाचा, तुर्की 'बेग'चं स्त्रीरूप. नवरा चारचौघांत बायकोला थट्टेनं 'आमच्या बेगम' म्हणतो ते नंतरचं.

सातारकर
अंशतः असहमत. निवेदक शिवाजी महाराजांना 'आले' आणि नूरजहाँला 'आली' म्हणत असेल, तर त्याला कुणाचा तरी नोकर म्हणावंच लागेल. एकतर दोघांना एकेरी किंवा दोघांना बहुवचन. मी स्वतः लिहिताना महाराजांना 'आला' लिहू शकणार नाही, तेव्हा बेगमांनाही 'आल्या'च लिहीन.

मोडीवाचक
मग औरंगजेबाचं काय करणार?

सातारकर
तो 'आला'. तिथे माझा नाइलाज आहे.