अम्मार अल-शरेई : संगीतकार मोठा की त्याचा कान?

कोमलगंधार :
अम्मार अल-शरेई (१९४८–२०१२). इजिप्तच्या मिन्या प्रांतातल्या समालूतचा, जन्मांध. ऐन शम्स विद्यापीठातून इंग्रजीची पदवी घेतली आणि वाजवायला लागला अ‍ॅकॉर्डियन. पुढे ऑर्गन, मग सिनेमे आणि मालिकांचं ढीगभर संगीत. माझं म्हणणं जरा वाकडं आहे. यातलं बरंचसं विसरलं तरी चालेल, पण त्याचा रेडिओ कार्यक्रम विसरून चालणार नाही. नावाचा अर्थ 'सुरांच्या समुद्रातला पाणबुड्या'. उम्म कुलसूम, अब्दुल वहाब या इजिप्तच्या गाजलेल्या गायकांची गाणी तो उलगडून दाखवायचा. स्वतः संगीतकार असूनही दुसऱ्यांच्या चालींवर इतका जीव टाकणारा आपल्याकडे कोण आहे, सांगा.

नंदू_नाशिककर :
सपशेल असहमत. समीक्षा कुणीही करतो, चाल कुणी करावी? 'अल-बरीअ' (१९८६) बघा. आतिफ अल-तय्यिबचा सिनेमा, अहमद झकी नायक. खेड्यातला निरक्षर पोरगा सैन्यात भरती होतो, त्याला राजकीय कैद्यांवर पहाऱ्याला बसवतात, आणि हे 'देशाचे शत्रू' आहेत असं शिकवतात. त्याला खरं काय ते कळतं तेव्हा पडद्यावर संवाद कमीच आहेत, सगळं काम अम्मारच्या सुरांनी केलंय. सेन्सॉरने शेवट कापला, तो २००५ मध्ये पुन्हा जोडून दाखवला. गाणी कवी अल-अबनूदीची, आणि गायलाय अम्मार स्वतः! काही ठिकाणी आवाज खरबरीत लागतो, पण तोच हवा होता.

रेवा_मस्कत :
नंदूभाऊ, 'समीक्षा कुणीही करतो' हे मागे घ्या! माझ्या ऑफिसातले एक इजिप्शियन काका तो कार्यक्रम लावतात. ते भाषांतर करत होते म्हणून थोडं कळलं. एका कडव्यात मकाम (अरबी संगीतातला राग म्हणा) कुठे बदलला, कुठल्या सुरावरून गाडी दुसऱ्या रुळावर गेली, हे अम्मार असं सांगतो की मला अरबी येत नसूनही अंगावर काटा आला. काका म्हणाले, 'आम्हाला ऐकायला त्याने शिकवलं.'

जुना_पेटीवाला :
दोघांचं चालू द्या, मला तिसरंच खटकतंय. हा माणूस वाद्य म्हणून की-बोर्डला चिकटला, तेच वाईट. रास्त या अरबी मकामाचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या अधेमधे कुठेतरी बसतो. साध्या की-बोर्डवर तो सूर कुठून काढणार? आपल्या पेटीवरही हाच आक्षेप होता. १९४० मध्ये आकाशवाणीने ती बंदच केली होती, तीन दशकं.

कोमलगंधार :
पेटीवाले काका, इथेच तुमची चूक होतेय. हाच माणूस यामाहाबरोबर बसला आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यात ते अधलेमधले पाव सूर आणायला मदत केली. नुसती तक्रार करत बसला नाही. (आपल्या पेटीवाल्यांनीही श्रुतींच्या पेट्या करून पाहिल्या, पण घराघरात काही पोचल्या नाहीत.)

जुना_पेटीवाला :
हे माहीत नव्हतं. तरी, ऊद या अरबी तंतुवाद्यावर बोट फिरवून घेतलेला सूर आणि बटण दाबून मिळालेला सूर, दोन्ही एक नव्हेत. आणि अम्मार तर ऊद उत्तम वाजवायचा, मग ऑर्गनची हौस कशाला?

नंदू_नाशिककर :
मालिकांसाठी, हो! 'रअफत अल-हग्गान'चं शीर्षकसंगीत कैरोत कुणासमोरही गुणगुणा, पुढचा सूर तो पूर्ण करेल. पाणबुड्याच्या कार्यक्रमाचं तसं होईल का?

रेवा_मस्कत :
ऑफिसातल्या काकांना आत्ताच विचारलं. ते 'रअफत'ची धून गुणगुणू लागले, मग थांबले, आणि तिच्यात कुठला मकाम आहे ते सांगायला लागले. आता तुम्ही ठरवा, हे पारडं कुणाकडे झुकलं.